तीर्थनसाठी निम्फ बांधताय ना, मग दिसण्याच्या आधी वजन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्यात बसून व्हिडिओ बघत निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी नकली माशी (फ्लाय), बांधायला शिकलात, सशाच्या केसांची हेअर्स इअर आणि फेझंटच्या शेपटीच्या पिसाची फेझंट टेल दोन्ही बांधल्या, मे महिन्यात हिमाचलात कुल्लूकडच्या तीर्थन नदीवर गेलात आणि एकही ट्राउट लागला नाही, शेजारी स्पिनर, म्हणजे गरगर फिरणारं धातूचं आमिष, टाकणाऱ्याला मात्र लागत होते. आता ऑक्टोबरमध्ये परत जायचंय तर पॅटर्न बदलू का, बाहेरून भारीतलं मटेरियल मागवू का, की हे फ्लायचं प्रकरण आपल्याकडच्या नद्यांत चालतच नाही. चालतं, अगदी मस्त चालतं. कुल्लूकडे मी बरीच वर्षं निम्फवर गरवतोय आणि त्यावरून सांगतो, पॅटर्न बदलू नका, हेअर्स इअर आणि फेझंट टेल या दोनच फ्लाय घेऊन माणूस अख्खा सीझन काढू शकतो. पण तुम्ही जे फोटो दाखवलेत त्यात एक गोष्ट लगेच कळते, अंग जाड आहे, केस भरपूर बाहेर आलेत, आणि आत ना मणी आहे ना वायरचा थर. दिसायला सुरेख आहेत हो, पण मेमधल्या तीर्थनच्या पाण्यात त्या तळापर्यंत पोचल्याच नसणार, आणि सगळं उत्तर इथेच आहे.

नदीचं पाणी वरपासून खालपर्यंत एका वेगानं वाहत नाही. वरचा थर जोरात पळत असतो, तळाला दगडगोट्यांच्या घर्षणामुळे पाणी बरंच संथ असतं, आणि ट्राउट त्या संथ थरात, एखाद्या मोठ्या दगडाच्या पुढे नाहीतर मागे, फारशी ताकद न घालवता उभा असतो आणि नाकासमोरून वाहत येणारं खाणं टिपतो. वर माश्या निघाल्या की वर येऊन खातो, ते आपल्याला दिसतं म्हणून लक्षात राहतं, पण त्याचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं. मेमध्ये वरचं बर्फ वितळत असतं, पाणी वाढलेलं, थंड आणि जरा दुधाळ, अशा वेळी तो खाण्यासाठी हातभर वरसुद्धा यायला तयार नसतो. तुमची हलकी निम्फ वरच्या पळत्या थरात अडकली आणि त्याच्या डोक्यावरून निघून गेली, त्याला ती दिसली असेल की नाही याचीच शंका आहे. स्पिनर धातूचा, तो पडला की खाली जातो, म्हणून त्या माणसाला लागले. म्हणजे मासे होते आणि खात होते, हे तर त्यानं तुम्हाला दाखवूनच दिलं.

त्यामुळे व्हाइसवर, म्हणजे हूक धरायच्या शिकंज्यावर, बसलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, की ही फ्लाय किती वेगानं बुडणार. डोळे, पाय, पंखांची पिशवी हे सगळं त्याच्या नंतर.

आता मुळात फेझंट टेल कशी आली ते बघा, म्हणजे बांधणीतलं तर्कशास्त्र कळेल. इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे रिव्हर कीपर होते, नदीची राखण आणि देखभाल हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी पाण्यातल्या जिवंत निम्फ तासन्‌तास बघितल्या आणि त्यांच्या ध्यानात आलं की बेटिस जातीच्या मेफ्लायची (पाण्यात वाढणाऱ्या एका किड्याची) निम्फ पोहताना पाय अंगाला चिकटवून घेते, मग फ्लायला पाय दाखवायचेच कशाला. त्यांनी पायांसाठी गुंडाळायचं पीस (हॅकल) काढून टाकलं, आणि दोऱ्याऐवजी चक्क तांब्याची बारीक वायर वापरली, बांधायचं काम पण वायर करते, वजन पण तीच देते आणि पिसाच्या धाग्यांमधून लालसर चमकते पण. दोन मटेरियल, वायर आणि फेझंटच्या शेपटीचं पीस, बस्स. १९५८ साली त्यांचं निम्फवरचं पुस्तक आलं आणि ती फ्लाय जगभर गेली. त्याआधी इंग्लंडात यावरून मोठा वाद होता, निम्फनं गरवणारे लेखक स्क्यूज साहेब निम्फच्या बाजूनं आणि हॅलफर्ड या जुन्या लेखकाला मानणारे, पाण्यावर तरंगणारीच माशी वापरणारे ड्राय फ्लायवाले विरुद्ध, १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चासुद्धा झाली होती. आज वाचताना गंमत वाटते पण त्या लोकांनी इतक्या बारकाईनं पाणी बघितलं म्हणून आपल्याला आयतं ज्ञान मिळालं.

पण एव्हन म्हणजे चुनखडीच्या प्रदेशातली, झऱ्यांवर चालणारी संथ, काचेसारखी नदी. तीर्थन म्हणजे दगडांवर आपटत उतरणारं पाणी. म्हणून सॉयरची कल्पना घ्यायची, पण वजन आपल्या पाण्याचं घालायचं. मी सांगतो तशी एक बांधून बघा. १४ नंबरचा हूक (नंबर जितका मोठा तितका हूक लहान), बार्ब, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, पक्कडीनं दाबून टाकलेला. त्यात टंगस्टनचा मणी, २.८ मिमीचा, बारीक भोक हुकाच्या डोळ्याच्या (दोरा ओवायच्या भोकाच्या) बाजूला आणि रुंद भोक मागे. १२ नंबरच्या हुकाला ३.३ मिमी घ्या. टंगस्टन हे पितळेच्या दुपटीहून जास्त जड असतं, त्यामुळे तेवढ्याच आकारात खूप फरक पडतो, आणि तुम्ही बाहेरून काही मागवणारच असाल तर पैसे फक्त यावर आणि चांगल्या हुकांवर खर्च करा. मण्याच्या मागे वायरचे काही वेढे देऊन ते मण्यात घट्ट सरकवायचे म्हणजे मणी हलत नाही आणि छातीचा भाग आपोआप थोडा फुगीर होतो.

मग पिसाचे चार-पाच धागे घ्यायचे, टोकं शेपटीसारखी मागे काढायची, पण शेपूट आखूड, हुकाच्या दांड्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त नको, लांब शेपटीमुळे फ्लाय बुडताना तरंगत राहते. आता धागे आणि वायर एकत्र पिळून पुढे गुंडाळत यायचं. पिळल्यामुळे पीस लवकर तुटत नाही, ट्राउटचे दात बारीक असतात पण नुसत्या पिसाची दोन माशांत वाट लावतात. छातीपाशी आलं की वायर वेगळी करायची, धागे वरच्या बाजूनं मागे-पुढे दोन-तीनदा दुमडायचे आणि प्रत्येक दुमडीवर वायरचा वेढा, ती झाली पंखांची पिशवी. वायरच्याच दोन-तीन गाठी मारून संपवायचं. हे सगळं झाल्यावर फ्लाय बारीक दिसली पाहिजे, शेपटीपासून छातीपर्यंत हळूहळू जाड होत गेलेली. तुम्हाला ती उपाशी वाटेल, भरायचा मोह होईल, भरू नका. जाड केसाळ अंगाला पाणी अडतं, आत हवा अडकते, आणि घातलेलं वजन फुकट जातं.

वायरसाठी फ्लायच्या दुकानात जायची गरज नाही, मोटर वाइंडिंग करणाऱ्याकडे जा आणि ३८ किंवा ४० गेजची एनॅमल्ड तांब्याची तार मागा, ३८ म्हणजे साधारण ०.१५ मिमी आणि ४० म्हणजे ०.१२, एका छोट्या रिळात कितीतरी फ्लाय होतात. खाली नुसता वजनाचा थर द्यायचा असेल तर जाड, ३४-३५ गेज घ्या. रंगही आयता मिळतो, काही तार लालसर तांबूस असते, काही गडद तपकिरी, मला गडद जास्त आवडते.

पिसांबद्दल जरा गंभीरपणे बोलायचंय. फेझंट टेल म्हणजे जो रिंग-नेक्ड फेझंट, तो आपल्याकडचा पक्षी नाही, त्याची शेपटी बाहेरून येते. आपले हिमालयातले फेझंट म्हणजे मोनाल, कालीज, चीर, आणि जुजुराना म्हणतात तो ट्रॅगोपॅन, हे सगळे संरक्षित आहेत. डोंगरात कुणी मोनालचं पीस देऊ केलं, पूर्वी तिकडे टोपीत मोनालचा तुरा खोवायची पद्धत होतीच, तरी घेऊ नका, फ्लायसाठी तर अजिबात नाही. रानससाही तसाच, त्यामुळे हेअर्स इअरसाठी पाळीव सशाची लोकर वापरा, काही फरक पडत नाही. मोराच्या आपोआप गळून पडलेल्या पिसांना देशात सूट आहे, बाहेर पाठवता येत नाहीत, त्यातला हिरवा-तांबूस धागा छातीला फार सुंदर दिसतो. आणि काहीच मिळालं नाही तर टर्कीचं नाहीतर पाळीव बदकाचं पीस तपकिरी रंगवून घ्या, चालतं.

खरं सांगायचं तर तीर्थनसारख्या पाण्याला माझी सगळ्यात लाडकी फ्लाय पिसांची नाहीच. टंगस्टनचा मणी, शेपटीला कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे तीन-चार ताठ धागे, अंग नुसतं तपकिरी नाहीतर ऑलिव्ह रंगाच्या भरतकामाच्या सिल्क दोऱ्याचं, दोऱ्याची एकच लड सुटी करून घेतलेली, त्यावर बारीक वायरचे विरळ वेढे, आणि वरून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात किंवा यूव्ही रेझिन (प्रकाशानं घट्ट होणारा लेप). स्पेनमधले स्पर्धा खेळणारे लोक अशा फ्लायला पर्दिगोन म्हणतात. गुळगुळीत असल्यामुळे ती पाण्यात खिळ्यासारखी खाली जाते, तुटत नाही, बांधायला पाच-सात मिनिटं, आणि सामान तुळशीबाग-रविवार पेठेत मिळेल असं, मणी सोडून. पितळी मणी मिळतील तिथे पण भोक बघून घ्या, बरेचदा हुकाचा वाक आतून जात नाही.

मासे काय खातायत हे पुस्तकात शोधू नका, दगड उलटा. काठाजवळच्या वाहत्या पाण्यातला हाताएवढा दगड हळूच उचला आणि खालची बाजू बघा. चपट्या, डोकं रुंद असलेल्या, दगडाला घट्ट चिकटून खेकड्यासारख्या आडव्या सरकणाऱ्या दिसतील त्या जोराच्या पाण्यातल्या मेफ्लायच्या निम्फ. सडपातळ, माशासारख्या झटकन पोहणाऱ्या त्या बेटिस. दोन शेपट्या, मोठ्या, पायांना दोन-दोन नख्या, त्या स्टोनफ्लाय, फक्त चपट्या मेफ्लायमध्येही काहींना दोनच शेपट्या असतात तेव्हा कल्ले बघा, मेफ्लायचे पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे हलत असतात. आणि वाळूच्या कणांची घरं करून राहणाऱ्या किंवा जाळं विणून बसलेल्या हिरवट अळ्या त्या कॅडिस. पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात सोडून बघा, रंग आणि आकार नीट कळतो, मग दगड होता तसाच पालथा ठेवून द्या. तुमच्या लक्षात येईल की बहुतेक जीव सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही लहान आणि गडद तपकिरी-ऑलिव्ह आहेत. फोटोतल्या तुमच्या फ्लाय १० नंबरच्या वाटतायत, स्टोनफ्लायसाठी एक-दोन ठेवा, बाकी १४ आणि १६.

आता गरवण्याबद्दल. ९ फुटी ४ किंवा ५ नंबरचा रॉड असेल तर पुरे. लाइनच्या पुढचा निमुळता दोरा, म्हणजे लीडर, साधारण रॉडएवढा, त्याच्या पुढे फ्लाय बांधायचा बारीक दोरा, ५ एक्स टिपेट म्हणजे ०.१५ मिमी, फ्लुरोकार्बन असेल तर उत्तम. जाड टिपेटला प्रवाह धरतो आणि फ्लाय वर उचलतो, म्हणून तुटायची भीती वाटली तरी जाड ३ एक्सकडे जाऊ नका. दोन फ्लाय लावायच्या असतील तर जड खाली, हलकी तिच्या वर हातभर अंतरावर टिपेटच्या छोट्या फांदीवर, पण आधी परवान्याच्या अटींमध्ये एकापेक्षा जास्त हूक चालतात का ते विचारून घ्या.

लांब कास्ट करायचा हट्ट सोडा, कारण लांब टाकलेली लाइन चार वेगवेगळ्या वेगांच्या प्रवाहांवर पडते आणि प्रत्येक जण तिला आपल्याकडे ओढतो, मग तुमची निम्फ तळाला असली तरी पाण्याच्या वेगानं न जाता ओढली जाते आणि ट्राउटला ते लगेच कळतं, कारण दिवसभर त्याच्यासमोरून शेकडो खऱ्या निम्फ वाहून जातात आणि त्यातली एकही अशी तिरकी पळत नाही. तीर्थनमध्ये पाणी खळखळाटाचं असल्यामुळे मागून गेलं तर माशाच्या दोन रॉड अंतरापर्यंत आरामात पोचता येतं. प्रवाहाच्या खालच्या बाजूनं वर चढत जायचं, तोंड वरच्या दिशेला, मासे पण वरच तोंड करून असतात त्यामुळे आपण त्यांच्या पाठीमागे राहतो. जिथे मासा असेल असं वाटतं तिथे फ्लाय टाकायची नाही, त्याच्या दीड-दोन मीटर वर टाकायची म्हणजे त्याच्यापर्यंत येईस्तोवर तळ गाठते. मग रॉड उंच धरून जेवढी लाइन पाण्याबाहेर ठेवता येईल तेवढी ठेवायची, आणि फ्लाय जसजशी आपल्याकडे येईल तसं रॉडचं टोक तिच्यासोबत फिरवायचं, ओढायचं नाही, ढिलंही सोडायचं नाही.

इंडिकेटर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लावत असाल तर लोकरीच्या दुकानातली भगवी नाहीतर पोपटी लोकर, चिमूटभर, व्हॅसलिन लावून, फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट वर. आणि एक खूण पक्की लक्षात ठेवा, इंडिकेटर जर पाण्यावरच्या फेसाच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित हळू चालत असेल तर फ्लाय खालच्या संथ थरात आहे, बरोब्बर. बुडबुड्यांच्या बरोबरीनं किंवा पुढे पळत असेल तर फ्लाय वर आहे किंवा ओढली जातेय. मग मणी बदला, खोली वाढवा, किंवा कास्ट अजून वर टाका. अधूनमधून दगडाला लागली पाहिजे. फ्लाय अजिबात अडकतच नसेल तर ती तळापर्यंत जात नाहीये असं समजा, दिवसात काही फ्लाय गमवाव्याच लागतात आणि म्हणूनच त्या पटकन बांधता येतील अशा साध्या असाव्यात, एकेक फ्लायवर अर्धा तास घातला की माणूस ती खोल सोडायलाच घाबरतो.

कोकणात गरी टाकून गरवलं असेल तर तिथे मासा ओढतो, हाताला कळतं. इथे ती वाट बघत बसलात तर काही मिळणार नाही. ट्राउट निम्फ तोंडात घेतो आणि खोटी आहे कळलं की क्षणात थुंकतो, ओढ जाणवायच्या आधीच. आपल्याला दिसतं ते एवढंच, की इंडिकेटर किंवा लाइनचं टोक जरासं थबकलं, कधी किंचित बाजूला सरकलं. थबकलं की रॉडचं टोक मनगटानं वीतभर उचला, दगड असला तरी उचला, विचार करू नका. आणि फ्लायचं वाहणं (ड्रिफ्ट) संपत आलं, फ्लाय तुमच्यासमोरून खाली जायला लागली, की रॉड थांबवा आणि हळूच वर न्या, फ्लाय तळातून वर उठते, खरी निम्फ पंख फुटायच्या वेळी वर निघते तशी, आणि मागे बघत आलेला ट्राउट तिथे हमखास झडप घालतो. सॉयर साहेब हे मुद्दाम माशाच्या समोर करायचे. तुमच्याकडे पाणी तेवढं स्वच्छ असेल तर ऑक्टोबरमध्ये उभा मासा बघून हे करून बघा, फ्लाय फिशिंगमध्ये यापेक्षा मोठा आनंद मला माहीत नाही.

सीझनचं म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये पाणी थंड पण कमी असतं, दुपारी अकरा ते तीन चांगलं. मेच्या मध्यापासून बर्फाचं पाणी वाढतं, तेव्हा मधल्या धारेचा नाद सोडून काठालगतच्या दगडांमागची शांत जागा एकेक करून बघायची, आणि सकाळी लवकर, कारण ऊन चढलं की वरून पाणी वाढत येतं. त्या पाण्यात गुडघ्याच्या वर उतरू नका, हातात काठी ठेवा. लारजीला तीर्थन व्यासला मिळते, त्या खालच्या पट्ट्यात धरणाचं पाणी अचानक सोडतात, तिथे नदीपात्रात उतरायचंच नाही. जुलै-ऑगस्ट गढूळ. सप्टेंबरच्या शेवटापासून पाणी निवळतं आणि ऑक्टोबर हा माझ्या मते सगळ्यात सुंदर महिना. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण थंडीत ते अंडी घालतात. ऑक्टोबरच्या शेवटी उथळ खडीत जोडीनं घुटमळणारे मोठे मासे दिसले तर त्यांच्यावर फ्लाय टाकू नका आणि त्या खडीतून चालू पण नका. हे ब्राउन ट्राउट मूळचे आपले नाहीत, इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणले आणि १९०९ मध्ये कुल्लूत महिलीला हॅचरी काढून इकडच्या नद्यांत सोडले, पण आज तीर्थनमध्ये ते स्वतःच्या बळावर पिढ्या वाढवतायत आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. परवाना मत्स्य विभागाकडून काढा, त्यावर किती आणि केवढे मासे ठेवता येतात ते असतं. मी सगळे सोडतो. हात ओले करून धरायचा, जाळीत पाण्यातच ठेवून हूक काढायचा, बार्ब दाबलेला असला की चिमट्यानं एका झटक्यात निघतो, आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निघून जाईपर्यंत धरून ठेवायचा.

ऑक्टोबरच्या डबीत एवढं घ्या. १४ च्या टंगस्टन फेझंट टेल आठ-दहा, १६ च्या बिनमण्याच्या नुसत्या वायरच्या चार-पाच, पाणी स्वच्छ आणि उथळ असेल तिथे मण्यानं मासे बिचकतात म्हणून. सिल्क आणि नेलपॉलिशवाल्या १४ आणि १६ मिळून डझनभर, निम्म्या तपकिरी निम्म्या ऑलिव्ह. हेअर्स इअर १४ च्या पाच-सहा, पण लोकर आत्ता घालताय त्याच्या निम्मी, आणि पहिल्या कास्टच्या आधी पाण्यात बुडवून बोटांनी दाबून हवा काढायची. स्टोनफ्लाय १० च्या दोन. एकाच पॅटर्नमध्ये वेगवेगळ्या वजनाच्या फ्लाय असतील तर बांधतानाच शेवटी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची एक गाठ मारा, टंगस्टनला लाल, पितळेला काळी, नाहीतर नदीवर उभं राहून डबीत कुठली जड आणि कुठली हलकी हे ओळखता येत नाही. आणि घरच्या घरी बादलीत दोन-दोन फ्लाय एकदम सोडून बघा, कुठली आधी तळाला जाते, मग तुम्हाला कळेल पुढची कशी बांधायची ते. पहिल्या दिवशी तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या आसपास जाल तेव्हा सुरुवात १४ च्या टंगस्टन फेझंट टेलनं करा आणि तळाला लागेपर्यंत दुसरं काही बदलू नका.